मोहफुलाचा पंचनामा

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर अभ्यास सोडून बाकी सगळ्या विषयांवर चर्चा होते, हे काही नवीन नाही. गेल्या सेमिस्टरला अशाच एका रात्री आमच्या रूममध्ये विषय निघाला तो वाइनचा. शीटवर रेषा मारून मारून माना आखडल्या होत्या, मेसची खिचडी पोटात जड झाली होती आणि तेवढ्यात रूममेटच्या मोबाइलवर त्याच्या मावसभावाचे फोटो आले. हा मावसभाऊ इंग्लंडात एम.एस्सी. करतो. तो जिथे भाड्याने राहतो तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाई दर वर्षी अंगणातल्या पिवळ्या रानफुलांची वाइन घरीच करतात. फुलाचं नाव डँडेलियन. फोटोत ओट्यावर पाकळ्यांचा पिवळाधमक ढीग, शेजारी काचेचा मोठा बुधला आणि मागे हसऱ्या बाई.

"च्यायला, फुलांची वाइन! काय भारी!" एकजण म्हणाला. दुसऱ्याला ते एकदम रोमँटिक वाटलं. तिसऱ्याने तर नोकरी लागल्यावर आपणही असं काहीतरी करायचं, असं जाहीर करून टाकलं.

मी सहज बोलून गेलो, "आमच्याकडे पण फुलांचीच करतात. मोहाची."

एक क्षण शांतता. मग सगळी रूम हसली. "अरे, ही तर हातभट्टी!" "गावठी!" "गडचिरोली स्पेशल!" एकाने तर टी-स्क्वेअरचा आधार घेऊन झिंगलेल्या माणसाची नक्कलही करून दाखवली. नक्कल चांगली होती. मीही हसलो. तेच मला नंतर खुपत राहिलं.

फुलं दोन्हीकडे तीच कामाला येतात, आंबवण्याची क्रिया तीच, मग एकीकडे 'वाइन' आणि दुसरीकडे 'हातभट्टी' का? मी हसलो ते कुणाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना बरंच वाचलं, घरी फोन करून विचारलं, आणि जे हाती लागलं ते मांडण्यासाठी हा लेख. वॉर्डन सरांनी शीर्षक बघून घाबरू नये. आपल्या राज्यात विनापरवाना दारू तयार करणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे, आणि हा लेख म्हणजे रूम नंबर अमुक-अमुकमध्ये भट्टी लावण्याचं निमंत्रण नव्हे.

आधी त्या डँडेलियनबद्दल. युरोपात हे फूल म्हणजे तण. हिरवळीत न बोलावता उगवतं आणि बागवाले त्याला उपटून टाकतात. इंग्लंडात जुना संकेत असा की २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या दिवसाच्या सुमारास, कोरड्या उन्हाच्या दिवशी, फुलं पूर्ण उमललेली असताना ती तोडायची. मग बसून एकेका फुलाच्या पिवळ्या पाकळ्या वेगळ्या करायच्या, कारण खालचा हिरवा भाग राहिला तर वाइन कडू होते. पाकळ्यांवर उकळतं पाणी ओतून एक-दोन दिवस भिजवायच्या, गाळून त्यात साखर, लिंबू-संत्र्याचा रस आणि साल घालायची, गार झाल्यावर यीस्ट घालायचं. काहीजण मूठभर मनुकाही टाकतात. बुधल्याच्या तोंडाला एअरलॉक लावायचा, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. बुडबुडे थांबले की वरचा निवळ दुसऱ्या भांड्यात काढायचा, बाटल्या भरायच्या आणि सहा महिने तरी विसरून जायचं. वसंतातली फुलं नाताळात प्यायची, अशी ही पद्धत.

आता यातली गंमत केमिकलवाल्यांच्या लगेच लक्षात येईल. डँडेलियनच्या पाकळ्यांत साखर जवळजवळ नसतेच. साडेचार लिटरच्या बुधल्यात सव्वा किलोच्या आसपास साखर दुकानातून आणून घालावी लागते. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १२ टक्क्यांच्या वाइनला लिटरमागे २०० ग्रॅमच्या वर साखर हवी. फूल देतं फक्त रंग आणि वास. बाकी सगळं काम साखर आणि यीस्टचं. खरं तर ती साखरेची वाइन, फुलांचा नुसता सुगंध.

मोहाचं तसं नाही. मोहाच्या फुलात स्वतःचीच साखर असते, आणि तीही भरपूर. सुकलेल्या फुलाच्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग साखरेचा. बाहेरून चिमूटभर घालावी लागत नाही. कुणी ती फुलं चाखली नसतील तर सांगतो: ताजं फूल जाड, मांसल, फिकट पिवळसर, दाताखाली रस सोडणारं. सुकलं की मनुकेसारखं लालसर-तपकिरी होतं आणि वासही तसाच गोड, थोडा उग्र.

माझं गाव कुरखेडा तालुक्यात. मार्च-एप्रिलमध्ये मोह झडू लागला की आमच्याकडची पहाट चारला होते. फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं, हरणं आणि अस्वलंही वाटेकरी होतात. बायका आणि पोरं टोपल्या घेऊन निघतात. घरातल्या कुणाचं झाड कोणतं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. माझी आजी कमरेत वाकून दोन-तीन तास वेचत राहायची. मी सोबत जायचो आणि टोपलीत कमी, तोंडात जास्त टाकायचो. घरी आणून अंगणात चार-पाच दिवस वाळवायची. मग त्याचं काय व्हायचं? भाजून खायचे, तिळाबरोबर कुटून लाडू व्हायचे, भाकरीच्या पिठात मिसळायचे, गुरांना अशक्तपणात चारायचे. बियांचं तेल निघायचं, ते वेगळंच. आजी सांगायची, दुष्काळाच्या सालात घरात दाणा नसताना मोहावर दिवस काढले. काही फुलं देवाच्या कामासाठी बाजूला ठेवली जायची, आणि हो, काहींची दारूही गाळली जायची. लग्नात, सणाला, मयताला. हे सगळं एकाच टोपलीतून.

म्हणजे मोह हे आधी अन्न आहे, मग औषध, मग देवाचं, आणि शेवटी दारू. पण बाहेरच्या जगाने यादीतलं शेवटचं तेवढं उचललं आणि त्यावरून फुलाचं नाव ठेवलं.

नावावरून आठवलं. विदर्भातल्या कुठल्याही पेपरात जिल्ह्याच्या पानावर एक बातमी नेहमी दिसते: इतके इतके लिटर 'मोहसडवा' नष्ट. सडवा म्हणजे काय? भिजवून आंबवत ठेवलेली फुलं. आपल्या बायोकेमिकलच्या पुस्तकात त्यालाच किण्वन म्हणतात, इंग्लंडातल्या बाईंच्या ओट्यावर ते 'फर्मेंटेशन' असतं आणि पोलिसांच्या पंचनाम्यात 'सडवा'. आत घडतं तेच. १८० ग्रॅम ग्लुकोजचं यीस्ट जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतं. यीस्टला काचेचा बुधला आणि मातीचं मडकं यातला फरक कळत नाही.

इथे माझा एक मित्र (तोच, नक्कल करणारा) म्हणाला, "पण वाइन गाळत नाहीत. तुमची दारू गाळलेली असते. कडक." मुद्दा बरोबर आहे, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. आंबवून थांबलं तर यीस्ट स्वतःच १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास दम तोडतं. त्यापुढे जायचं तर डिस्टिलेशन लागतं, आणि मोहाची दारू डिस्टिलेशननेच होते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक दिली, पण घरी डिस्टिलेशन करायला दोन्हीकडे आजही परवाना लागतो. त्याला कारणं आहेत. एक तर आग आणि अल्कोहोलची वाफ शेजारी शेजारी असते. दुसरं म्हणजे थोड्या प्यायल्यात जास्त चढतं.

पण मग व्हिस्की काय आकाशातून पडते? ब्रँडी म्हणजे गाळलेली वाइनच. आणि गोव्याची फेणी? काजूचे बोंडू तुडवून रस काढायचा, आंबवायचा, मडक्यात गाळायचा. पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. गावातल्या माणसांनी, गावातल्या फळापासून, गावातल्या भांड्यात केलेली. त्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. आपण गोव्याला ट्रिपला जातो तेव्हा तिच्या बाटलीबरोबर फोटो काढतो. तेव्हा 'गावठी' हा शब्द कुणाच्या तोंडात येत नाही.

आपल्या राज्यातही द्राक्षाच्या वाइनला २००१ पासून खास धोरणाचं छत्र आहे. वाइनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून सवलती आल्या. चांगलंच झालं. जानेवारी २०२२ मध्ये तर सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. त्या वादात द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं. मोह वेचणाऱ्या बाईचं नाव मला कुठे ऐकू आलं नाही.

याची मुळं जुनी आहेत. इंग्रजांच्या राज्यात दारूवरचा कर हे मोठं उत्पन्न होतं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. सरकारला दारू बंद करायची नव्हती, ती ठेकेदाराच्या दुकानातूनच प्यायली जावी, अशी व्यवस्था करायची होती. पण ज्याच्या दारात झाड आहे तो दुकानात कशाला जाईल? म्हणून १८९२ मध्ये खास मोहासाठी कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलांचा संग्रह आणि वाहतूक यांवर बंधनं आली. विचार करा, दारूवर नाही, फुलावर कायदा! उद्या कुणी साखरेची दारू होते म्हणून रेशनच्या साखरेवर बंदी घातली तर कसं वाटेल? स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफुलांचा वेगळा उल्लेख राहिला. फुलं साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध आपल्या राज्यात शिथिल झाले ते २०२१ मध्ये.

या बंधनांचा परिणाम साधा आणि बाजारी होता. आपलंच फूल घरात जास्त साठवायला भीती, म्हणून ते एप्रिल-मेमध्येच व्यापारी देईल त्या भावाला विकायचं. पावसाळ्यात घरातलं संपलं की तेच फूल त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यायचं. आमच्या घरात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजीच्या वाळवलेल्या फुलांची पोती उन्हाळ्यात गेली आणि पोळ्याच्या आधी ती दोन पायली फुलं विकत आणायला बाजारात गेली. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आज हिशेब येतो म्हणून टोचतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा आता मोहाच्या दारूचा प्रचार करणार. नाही. कारण गोष्टीची दुसरी बाजूही माझ्याच घरात आहे.

माझे मोठे काका दारूने गेले. मी तेव्हा सातवीत होतो. सणावारी प्यायचे ते रोज प्यायला लागले, घरच्या मडक्यातली सुटली आणि नाक्यावरच्या भट्टीवरची सुरू झाली. विकायला काढलेल्या दारूत फूल किती आणि काळा गूळ, नवसागर किती, याचा काही भरवसा नसतो. काकूने शेळ्या विकल्या, मग पायातले तोडे. काका गेले त्या वर्षी तिच्या अंगावर मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं, आणि मग तेही उतरलं.

आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती वरून आलेली नाही. त्याआधी काही वर्षं गावोगावच्या बायका, संघटना आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारखे लोक ती मागत होते. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी कागदावर असते तेव्हा भट्ट्या चालूच राहतात, हेही खरं. आमच्या गावातलीही चालू होती. काका गेल्यानंतरच्या वर्षी गावातल्या बायकांनी सभा घेतली. मी आठवीत होतो, पोरं म्हणून आम्ही मागे भिंतीवर बसलो होतो. त्या सभेत माझी आजी उठली. जन्मभर मोह वेचलेली, देवाला मोहाची धार वाहिलेली, मुलाच्या लग्नात स्वतः मडकं लावलेली आजी. ती म्हणाली, "फूल कोनाचं वाईट करत नाई. मानूस करते. भट्टी बंद करा." बस, एवढंच. विकायची भट्टी बंद झाली. काही महिन्यांनी कुणीतरी पुन्हा लावली, बायकांनी पुन्हा बंद पाडली. ते चालूच असतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आजी टोपली घेऊन नेहमीसारखी झाडाखाली होती.

माझं सगळं मत त्या दोन दिवसांत आहे. आजीने भट्टी बंद केली, पण फूल सोडलं नाही. कायद्याने दीडशे वर्षांत जे जमवलं नाही ते तिला एका वाक्यात जमलं: दारू आणि फूल वेगळं करणं.

हे फक्त आमच्या गावचं नाही. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात देवीची चळवळ झाली. अंगात येणाऱ्या देवीने सांगितलं म्हणून हजारो लोकांनी दारू-ताडी सोडली आणि दारूचे ठेके असलेल्या मालकांकडे काम करायचं थांबवलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर पुस्तकच लिहिलं आहे. ज्यांना आपण 'पिणारे लोक' म्हणून ओळखतो त्यांनी स्वतः ठरवून दारू सोडली. प्यायची, किती प्यायची, देवाला किती आणि विकायची की नाही, हे ठरवण्याची अक्कल त्या लोकांकडे आहे. त्यांच्याकडे कमी होता तो अधिकार.

म्हणून मला वाटतं, फुलावरचा हक्क आणि दारू रोखण्याचा हक्क हे दोन्ही गावाचे आहेत, आणि एक दिला तर दुसराही द्यायला हवा. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा कागदावर बरंच काही देतात: गौण वनोपजावर मालकी, आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर नियंत्रणाचा अधिकारही. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून आदिवासी बचत गटांना ती बनवायचे परवाने द्यायला सुरुवात केली. ते आपल्याकडे जसंच्या तसं आणावं, असं मी म्हणणार नाही. काकूला विचारल्याशिवाय तर नाहीच. पण प्रश्न मुंबईत किंवा आपल्या होस्टेलच्या रूममध्ये बसून सुटणार नाही, एवढं नक्की.

आता हातभट्टी म्हटल्यावर जी भीती वाटते तिच्याबद्दल दोन शब्द, कारण इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गोंधळ आहे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीला ऐंशीहून अधिक माणसं मेली, जून २०१५ मध्ये मालवणीला शंभरहून अधिक. दोन्ही वेळी मारेकरी होता मिथेनॉल. हे मिथेनॉल फुलं किंवा गूळ आंबवून तेवढ्या प्रमाणात तयार होत नाही. फळांतल्या पेक्टिनमुळे थोडं होतं, पण असे सामूहिक मृत्यू होतात ते कारखान्यातलं मिथेनॉल स्वस्तात मिळतं म्हणून दारूत मिसळल्यामुळे. मिथेनॉलला वेगळा वास नाही, चव नाही, आणि पिणाऱ्याला कळेपर्यंत डोळे जातात. म्हणजे मुंबईत माणसं मेली ती औद्योगिक रसायनाच्या साठ्यावर कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून. केमिकल इंजिनिअर होणाऱ्यांनी तरी त्याचं खापर फुलावर फोडू नये. आणि मित्रांनो, कुठल्याही खोलीत, कुठल्याही पार्टीत, बिनलेबलची बाटली समोर आली तर ती उचलू नका. यात गावठी-शहरी असा भेद नाही.

मग आपण करायचं काय? हसणं थांबवणं ही पहिली गोष्ट, पण ती फुकटची आहे. आपण इंजिनिअर होणार आहोत, तर कामाचं काही बोलू.

एक. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धत आहे. त्यातून जंगलात वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर जाळायची गरज राहत नाही, फुलात माती जात नाही आणि आजीला वाकावंही लागत नाही. स्वस्त, हलकी, उन्हात न विरणारी आणि एका माणसाला बांधता येईल अशी जाळी, हा मेकॅनिकलच्या मिनी प्रोजेक्टचा विषय नाही का? दर वर्षी आपण ऑटोमॅटिक पाण्याच्या टाकीचं तेच मॉडेल करतो, त्याऐवजी?

दोन. अंगणात वाळवलेल्या फुलात धूळ आणि बुरशी जाते, आणि पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. म्हणूनच ते ठेवता येत नाही, आणि म्हणूनच घाईत विकावं लागतं. साधा सोलर ड्रायर आणि हवाबंद साठवण एवढं जमलं तर फूल दिवाळीपर्यंत घरात राहील आणि भाव ठरवण्यात वेचणाऱ्याचाही आवाज येईल. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या जंगलातली सुकवलेली मोहफुलं फ्रान्सला निर्यात झाली. वाइनच्या देशाला आपलं फूल चालतं, ही बातमी नक्कल करणाऱ्या मित्राला मी मुद्दाम वाचून दाखवली.

तीन. सरबत, जॅम, लाडू, बेकरीसाठी पाक: हे सगळं होतं, ठिकठिकाणी बचत गट करतातही. अडतं ते प्रत्येक घाण्याला साखर किती, पाणी किती, किती दिवस टिकेल, हे मोजायला कुणी नसतं म्हणून. आपल्या लॅबमध्ये रिफ्रॅक्टोमीटर आहे. वर्षातून दोन प्रॅक्टिकलपुरता तो कपाटातून बाहेर येतो. आमच्या विभागातल्या सरांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टच्या यादीत मोहाला एक ओळ द्यावी. फुलं मी आणतो.

जाता जाता, त्या रात्रीनंतरचं सांगतो. सुट्टीहून परत येताना आजीने नेहमीप्रमाणे डबा दिला. मागची दोन वर्षं मी तो डबा कपाटात कपड्यांच्या मागे ठेवायचो आणि लाडू एकटाच खायचो. कुणी विचारलं तर 'खजुराचे आहेत' म्हणायचो. या वेळी टेबलावर उघडून ठेवला. "कसले रे?" नक्कल करणाऱ्याने विचारलं. "मोहाचे," मी म्हणालो. त्याने एक उचलला, वास घेतला, संशयाने माझ्याकडे पाहिलं, "चढणार नाही ना?" म्हणाला आणि खाल्ला. मग दुसरा उचलला. संध्याकाळपर्यंत डबा रिकामा. चौथ्या लाडवाला तो म्हणाला, "तुझ्या आजीला विचार ना, तिळाऐवजी शेंगदाणे चालतील का?"

मी आजीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, चालतात, पन त्याले म्हन्हा येथं येऊन फुलं वेच आधी.

तर निरोप पोचवतोय. मोह झडतो ऐन मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमका आपल्या सबमिशनच्या तोंडावर. तरीही दोन दिवस काढून कुणाला यायचं असेल तर सांगा. पहाटे चारला उठावं लागेल, एवढी एकच अट.